डाव्या हाताची वीण

सालूदला वाचता येत नव्हतं, पण बुलाओ गावातल्या बहुतेक नवराबायकोंची नावं तिनेच लिहिली होती. म्हणजे विणली होती. लग्न ठरलं की पोरीची आई कागदावर रोमन लिपीत दोन नावं लिहून आणायची. सालूद तो कागद गुडघ्याखाली दाबायची आणि अक्षरांकडे चित्रासारखं बघत रंगीत पट्ट्यांनी ती चटईत उतरवायची. कुठल्या अक्षराला किती पट्ट्या लागतात हे तिला तोंडपाठ होतं. ते अक्षर कुठलं, हे मात्र ठाऊक नव्हतं. गावच्या कपितानाच्या, म्हणजे मुखिया अबुंदियोच्या लग्नाच्या वेळी तिने कागद उलटा धरला आणि नावं डोक्यावर उभी राहिली. तेव्हापासून त्या घरात बायकोचं राज्य आहे असं लोक म्हणतात. कपितान ते नाकारत नाही, कारण बायको जवळच बसलेली असते.

या नावाच्या चटईचा एक नेम होता. नवरानवरीच्या आधी तिच्यावर कुणी पाठ टेकायची नाही. पाहुण्याने नाही, मांजराने नाही, खुद्द विणणारीनेही नाही. नेम मोडला तर संसार मोडतो, असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या सांगत. संसार मोडायची दुसरी शंभर कारणं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, तरी सांगत.

गावातल्या बायका विणायच्या त्या डोंगराच्या पोटातल्या गुहेत. चटयांचा तिकोग नावाचा लव्हाळा उन्हात कडक होतो आणि दुमडताना मोडतो. गुहेच्या ओलसर गारव्यात दिवसभर मऊ राहतो. वीस-पंचवीस बायका तिथे वाकून बसायच्या आणि हातांपेक्षा तोंडं जोरात चालायची. एखाद्याची अब्रू त्या गुहेत शिरली की धड बाहेर येत नसे.

सालूदच्या शेजारची जागा निएवेसची, तीस वर्षं. सालूदचा नवरा माडाची माडी काढताना वरून पडून गेला होता. निएवेसचा मनिलाला कामाला गेला आणि तिथेच दुसरीच्या घरात रमला. दोघींना एकेक मुलगी. दोघींचं पटत नसे आणि एकमेकींवाचून करमतही नसे.

"निएवेस, तुझी पोर उलटी विणते गं," सालूद म्हणायची. "तिच्या चटईवर झोपला तर जावई सकाळी पायाकडे डोकं करून उठेल."

"उठू दे. तुझी तर सुलटीही विणत नाही. तुझा जावई भुईवरच झोपणार."

निएवेसची लोर्ना डावखुरी होती. तिच्या विणीतल्या पट्ट्या दुसऱ्या बाजूला कलायच्या, त्यामुळे डोळे मिटून नुसता तळवा फिरवला तरी सालूद तिची चटई ओळखायची. लहानपणापासून विणून लोर्नाच्या डाव्या अंगठ्याला चिंचोक्याएवढा घट्टा पडला होता, आणि आईबरोबर रंग उकळून उकळून नखं कायमची गुलाबी झाली होती. सालूदच्या मारिविकने मात्र आयुष्यात एक पट्टी हातात धरली नाही. ती तालुक्याच्या गावी बेकरीत होती. तिचे हात मऊ, पिठाचे.

"वटवाघळांच्या मुतात बसून कंबर मोडून घ्यायची नाही मला," ती आईला तोंडावर सांगायची. सालूद चिडायची आणि मनातून खूशही व्हायची.

मारिविकचं लग्न डिसेंबरात करायचं ठरलं. मुलगा पलीकडच्या गावचा जर्विन, ट्रायसिकल चालवायचा, बरा होता. सालूदने लेकीची चटई चार महिने विणली. काठाला जास्वंदीची फुलं, मध्ये दोन नावं, आणि सगळी वीण इतकी घट्ट की पाणी ओतलं तर थांबेल. निएवेसने ती उलटसुलट करून पाहिली आणि चूक सापडली नाही म्हणून दोन दिवस तोंड पाडून बसली.

लग्नाच्या महिनाभर आधी ते वादळ आलं.

आमच्याकडे वादळं येतातच. त्यांना नावं असतात, आणि गेल्यावर लोक त्यांच्याबद्दल व्याह्यांसारखे कुरकुरतात. या खेपेला रेडिओ एक इंग्रजी शब्द सारखा म्हणत होता, 'स्टॉर्म सर्ज'. कपितान अबुंदियो कर्णा घेऊन गावभर तोच शब्द ओरडत फिरला.

"सर्ज म्हणजे काय हो?" लोकांनी विचारलं.

"रेडिओ म्हणतोय म्हणून मी म्हणतोय," तो म्हणाला. "मोठं वादळ असणार. छपरं बांधा."

लोकांनी छपरं बांधली. समुद्र उठून घरात येणार, एवढंच कुणी आपल्या भाषेत सांगितलं असतं तर कोंबड्यासुद्धा डोंगरावर गेल्या असत्या. एका शब्दापायी गाव बुडालं, आणि तो शब्द कुणाला धड उच्चारताही येत नव्हता. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

छप्पर गळलं तर चटया भिजतील या काळजीने सालूद त्या गुहेत न्यायला निघाली. मागणीच्या चौदा आणि मारिविकची एक. निएवेसही आपल्या चटया घेऊन आली. पोरी काही येईनात.

"तू जा तुझ्या चटया घेऊन," मारिविक म्हणाली. "लोर्ना माझ्याकडे राहतेय. आम्हाला झालरी शिवायच्यात."

"दार नीट लावा."

"लावतो गं."

सालूदने चटया डोक्यावर घेऊन दोन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला लेकीचं मनगट धरून तिला ओढत आणता आलं असतं. हा हिशेब तिने पुढे रोज केला. त्या दिवशी नाही केला.

सकाळी समुद्र आला. गुहेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बायकांना आधी कळेचना की माडांचे शेंडे खाली का दिसताहेत. तासाभरात पाणी परत गेलं आणि जाताना गाव घेऊन गेलं.

तिसऱ्या दिवशी मेलेली माणसं वाटेच्या कडेला रांगेने ठेवली होती. गावात कापड नव्हतं, पेट्या नव्हत्या. चटया होत्या, गुहेत, कोरड्या ठणठणीत. बायकांनी आपापल्या दिल्या, सालूदने चौदाच्या चौदा. ज्या चटयांवर कुठली तरी नवी जोडपी निजायची होती, त्यांत तिने शेजारीपाजारी गुंडाळले. कुणाला किती घट्ट बांधायचं हे तिचे हात आपोआप ठरवत होते, आणि तिला त्या हातांची किळस आली.

दुपारी नदीच्या मुखाशी, पडलेल्या माडांच्या खाली एक मुलगी सापडली. बाहेरगावाहून ट्रक घेऊन आलेल्या दोघा माणसांनी ती काढली. अंगावर काही नव्हतं, चेहरा तर नव्हताच. निएवेस तेव्हा इस्पितळात शोधायला गेली होती. सालूद एकटी होती. तिने आधी हात पाहिले. डावा अंगठा पाहिला. त्यावर चिंचोक्याएवढा घट्टा होता आणि नखं गुलाबी होती.

ती खाली बसली. मग उठून गुहेत गेली आणि उरलेली एकुलती एक चटई घेऊन आली. लोर्नाला उघडी कशी ठेवायची, एवढंच तेव्हा तिच्या मनात होतं. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. तिने पोरीला नीट गुंडाळलं, केस आत सारले, दोन्ही टोकं शिवली. जास्वंदीची फुलं पायाशी आली आणि नावं छातीवर.

ट्रकवरचा माणूस वही घेऊन वाकला. चटईवरचं पहिलं नाव त्याने वाचलं.

"मारिविक," तो म्हणाला. "तुमची का हो?"

त्याला आमचा रिवाज काय माहीत. मेलेल्याच्या अंगावर नाव आहे, तर ते मेलेल्याचंच असणार. सालूदने तोंड उघडलं. नाही म्हणायला एक शब्द लागतो, आणि हो म्हणायलाही एकच लागतो. समोर खणलेला खड्डा होता, एका माणसाच्या मापाचा, आणि त्यावर लेकीचं नाव लागणार होतं.

"हो," ती म्हणाली.

*

मारिविकचं नाव हरवलेल्यांच्या यादीतून निघालं. चर्चमागच्या चढावर लाकडी क्रूस लागला, त्यावर पांढऱ्या रंगात सात रोमन अक्षरं. गावात कुणाला शंका आली नाही. लेकीची लग्नाची चटई कोणती आई परक्या मुडद्याला देईल? म्हणजे ती मारिविकच. जर्विन आला, मातीवर पालथा पडून रडला, आणि दहा महिन्यांनी त्याने दुसरीशी लग्न केलं. चटई दुसऱ्या गावाहून आणली. सालूदला विचारायची त्याला लाज वाटली, आणि ती वाटली हे बरंच झालं.

लोर्ना यादीत राहिली. निएवेस दर सोमवारी तालुक्याला जायची, भिंतीवर चिकटवलेले कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायची, फोटो दाखवायची. मारिविक इथे सापडली आणि लोर्ना सापडली नाही, म्हणजे ती कुठेतरी जिवंत लागली असणार, असं तिने मनाशी पक्कं केलं. सरकारने गावाला डोंगरावर नवी घरं दिली तेव्हा सगळे गेले, ही गेली नाही. जुन्या घराच्या जागेवर वाहून आलेल्या फळ्यांची खोली उभी केली आणि दार रात्रंदिवस उघडं ठेवलं.

"ती आली तर मला कुठे शोधेल?" म्हणायची. पानावर भातही दोघींचा वाढायची.

आमच्या दफनभूमीच्या मध्यभागी मोठा सिमेंटचा क्रूस आहे. ज्यांच्या माणसांना थडगं नाही ते त्याच्या पायाशी मेणबत्ती लावतात. त्या वादळानंतर तिथे मेणाचा ढीग साचला. निएवेस तिकडे फिरकली नाही. तिथे मेणबत्ती लावायची म्हणजे पोर मेली हे कबूल करायचं.

सालूद मात्र दर रविवारी थडग्यापाशी बसायची. गवत उपटायची आणि उठताना म्हणायची, "झोप गं." आत कोण झोपलंय हे तिला माहीत होतं. तरी ते म्हटलं की बरं वाटायचं. खोट्या जागेवरचं रडणंही खरंच असतं, आणि माणसाला रडायला जागा लागते. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. या मुठीत दुसरीची लेक होती.

पुढच्या नोव्हेंबरात मृतांचा सण आला. सगळं गाव थडगी रंगवायला, मेणबत्त्या लावायला चढावर आलं. निएवेसही आली. हातात केळीच्या पानात बांधलेलं बिनागोल होतं, अळकुड्या किसून गुळाबरोबर करवंटीत वाफवलेलं. तिने ते क्रूसापाशी ठेवलं आणि मातीवरून हात फिरवला.

"मारिविक, हे तुला," ती म्हणाली. "दोघी एका करवंटीत खायचात, भांडायचात. आता तू एकटीच सगळं खा. लोर्ना आली की तिला वेगळं करीन."

मग सालूदकडे वळून म्हणाली, "तुझं एक बरं आहे गं. तुला यायला ठिकाण तरी आहे."

सालूदच्या घशात शब्द आला होता. तो तिने गिळला. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही, पण गिळला.

*

डिसेंबराच्या सुरुवातीला पुन्हा वादळाची वर्दी आली. आता कपितान अबुंदियो शहाणा झाला होता. कर्ण्यातून तो एकच वाक्य ओरडत होता, "समुद्र येणार आहे! शाळेत चला, समुद्र येणार आहे!" दुपारपर्यंत किनारा रिकामा झाला. निएवेस तेवढी राहिली. कपितान तिला आणायला गेला तर कोयता घेऊन दारात उभी राहिली. तो डोंगरावरच्या शाळेत परतला तो थेट सालूदपाशी.

"सालूदताई, तिचं डोकं फिरलंय. मी उचलून आणली असती, पण ती माझा हात तोडेल."

"बायकोला पाठव तुझ्या."

"थट्टा सुचते तुला! तुझ्याशिवाय कुणाचं ऐकायची नाही ती. संध्याकाळी पाणी आलं तर मेली म्हणून समज."

सालूद उठली. मग डोक्याला फडकं बांधलं आणि उतरणीला लागली. वाटेत चर्चमागचा क्रूस दिसला. ती थांबली नाही.

निएवेस उंबऱ्यात बसून सुपात तांदूळ निवडत होती. वाऱ्याने आपटू नये म्हणून उघड्या दाराला दगड लावला होता. समुद्र करडा झाला होता आणि खूप मागे गेला होता.

"आलीस? बस. भात टाकते," ती म्हणाली.

"ऊठ. शाळेत चल."

"तू जा. लोर्ना आज आली आणि घरात कुणी नसलं म्हणजे?"

"ती यायची नाही, निएवेस."

"तुला गं काय माहीत? तुझी मेली म्हणून माझीही मेलीच पाहिजे का?"

सालूद तिच्यासमोर वाळूत बसली. "माझी सापडलेलीच नाही," ती म्हणाली. "त्या चटईत मारिविक नाही. लोर्ना आहे."

निएवेस हसली. "बरं शिकवून पाठवलंय कपितानाने. लेकीची लग्नाची चटई कुणी परक्या पोरीला देतं होय? मी तुला ओळखत नाही का? तू तर तिच्यावर माशी बसू देत नव्हतीस."

"चौदा संपल्या होत्या. तेवढीच उरली होती. तिला उघडी कशी ठेवू?"

"खोटं बोलू नकोस."

"डाव्या अंगठ्याला घट्टा होता. नखं गुलाबी. तो रंग तूच उकळला होतास, आधीच्या आठवड्यात. मी म्हटलं होतं फार गडद झालाय."

निएवेसच्या हातातलं सूप तिरकं झालं. तांदूळ वाऱ्याने वाळूत उडाले. तिने ते गोळा केले नाहीत. ती आपल्या डाव्या अंगठ्याकडे पाहत राहिली, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

"मी तिला बिनागोल दिलं," शेवटी ती म्हणाली. "मारिविकला म्हणून दिलं. तिला म्हटलं, तू खा, लोर्नाला वेगळं करीन."

"हो."

"तू तिथेच उभी होतीस."

"होते."

"काही बोलली नाहीस."

"नाही."

निएवेसने तिच्या थोबाडीत मारली. मग दुसरी मारली. सालूदने हात वर केला नाही. तिसरीची वाट पाहत बसून राहिली. तिसरी आली नाही. निएवेस उठली, पायाने दाराचा दगड बाजूला सारला आणि वर्षभर उघडं असलेलं दार ओढून घेतलं. फळी फुगली होती, बसेना. तिने खांदा लावून ते बसवलं आणि कडीला दोरी बांधली. मग सालूदकडे न बघता शाळेची वाट धरली. सालूद तिच्या दहा पावलं मागे चालत गेली.

त्या रात्री समुद्र आला. मागच्या वेळेइतका नाही, पण निएवेसची खोली न्यायला पुरेसा होता.

तिसऱ्या दिवशी उघडलं. सालूद पांढऱ्या रंगाचा डबा आणि कोयता घेऊन चढावर गेली तर निएवेस आधीच तिथे बसलेली होती. तिच्या मांडीवर कागद होता, कपितानाकडून लिहून आणलेला. त्याने तालुक्याला माणूस पाठवून एक नाव यादीतून काढलं होतं आणि एक पुन्हा चढवलं होतं. गावात कोण काय बोलत होतं ते सांगण्यात अर्थ नाही. गुहेतल्या तोंडांना तो महिना चांगला गेला.

सालूदने कोयत्याच्या पात्याने क्रूसावरची अक्षरं खरवडली. सात होती. पहिलं अक्षर रुंद, अकरा पट्ट्यांचं, ते जायला वेळ लागला. मग निएवेसने पुढे केलेला कागद तिने क्रूसाला टेकवून धरला आणि ब्रश बुडवला. पाच अक्षरं होती. तिसरं काढून ती थांबली.

"कागद सरळ धरलाय ना मी?"

"मला काय विचारतेस?" निएवेस म्हणाली. "मला तरी कुठे वाचता येतं?"

खालून एक शाळकरी पोरगी पाणी घेऊन चालली होती. तिला हाक मारून विचारलं. तिने वाचून दाखवलं, "लोर्ना." कागद सरळ होता. सालूदने उरलेली दोन अक्षरं काढली.

निएवेसने रंग वाळायची वाटसुद्धा पाहिली नाही. दोन्ही हातांनी माती चाचपली, अंथरुणात लेकरू चाचपतात तशी, आणि विचारलं, "नीट गुंडाळलंस ना तिला?"

"केस आत घेतले होते. टोकं शिवली होती."

"वीण घट्ट होती ती," निएवेस म्हणाली. मग तिने मातीवरचं एक वाळकं पान उचलून टाकलं. "आता तू ऊठ इथून, सालूद. ही माझी जागा आहे."

सालूद उठली. रविवारच्या सवयीने तोंडात 'झोप गं' आलं होतं, ते तिने तोंडातच ठेवलं. पिशवीत एक मेणबत्ती होती. ती घेऊन ती मधल्या मोठ्या क्रूसापाशी गेली. पायथ्याशी परक्यांच्या मेणाचे थर होते. तिने नखाने थोडी जागा केली, मेणबत्ती उभी केली. वाऱ्यात तीन काड्या विझल्या, चौथी लागली.

ज्योत सरळ झाल्यावर सालूदने वर्षभरात पहिल्यांदा लेकीला विचारलं, "कुठे आहेस गं तू?"